टाळकऱ्याचा हार

—नाही शालनबाई, एवढं सोडून दुसरं काहीही मागा. कोल्हापुराहून एस.टी.चा प्रवास करून आलात, घरधनी जाऊन आज जेमतेम महिना होतो आहे, आणि मी तुम्हाला उंबऱ्यातच नाही म्हणतो आहे — हे मला शोभत नाही, ठाऊक आहे. आत या. त्या पाटावर बसा. पण कीर्तन मी करणार नाही. गिरणीतल्या हणमंतानं पाठवलं ना तुम्हाला? तोच. सकाळपासून तीनदा येऊन गेला. गिरणीचा भोंगा झाला की समोरच्या मैदानात शोकसभा, सगळी पाळी सुटून येणार, आणि रावजीबुवांनी ज्ञानू वैरागकरांसाठी कीर्तनाला उभं राहायचं — हे त्या पोरांनी आपापसांत ठरवूनच टाकलं. म्हणतो कसा, "निस्तं उभं ऱ्हावा, बुवा, बाकी आमी बगतो." नारदांच्या गादीवर नुसतं उभं राहता येत नाही, बाई. तिथं जो उभा राहतो त्याच्या पोटात काही लपलेलं असून चालत नाही.

कारण हवं ना? सांगतो. भोंग्याला अजून अर्धा तास आहे. कीर्तन रंगात आलं की माझा एक प्रघात असे — डाव्या हातानं उपरण्याचं टोक घ्यायचं, कपाळ पुसायचं, आणि मग ते टोक डोळ्यांसमोर धरून पाहायचं, जणू त्यावर काही लिहिलेलं आहे. तीन मात्रा शांतता. तबलजीसुद्धा हात उचलून थांबायचा. लोक म्हणत, बुवा आता देवाशी बोलताहेत. तीस वर्षं ती लकब माझी होती, आणि एका शुक्रवारी इथं सोलापूरच्या टॉकीजला सिनेमा लागला, त्यात तुमच्या यजमानांनी कीर्तनकार बुवाचं काम केलं, आणि ती त्यांची झाली. पुढच्या एकादशीला मी कपाळ पुसलं तर समोरची चारशे माणसं खदखदून हसली. पुढच्याच रांगेतून कुणी तरी म्हणालं, "आरं, बुवा ज्ञानूची नक्कल करतंय की." माझी लकब, आणि नक्कल करणारा मी. त्यानंतर दोन कीर्तनं घाम न पुसता केली. घाम डोळ्यांत उतरायचा आणि लोकांना वाटायचं बुवांना गहिवर आला. देवासमोर तेवढं खोटं पुष्कळ झालं. चिपळ्या खुंटीला लावल्या. त्याला आठ वर्षं होतील.

लोकांचं प्रेम? ते कोण नाकारतो? या पेठेत महिनाभर दुसरं बोलणं नाही. विड्या वळणारी गोजरबाई परवा माझ्या ओट्यावर बसली होती. सहा वर्षांपूर्वी तिची लेक गेली, तेव्हापासून बाई बोलेनाशी झाली होती. माझ्या पुराणाला रोज यायची, खांबाला टेकून बसायची, उठून जायची — डोळ्यांत टिपूस नाही. मग शेजारणींनी ओढून त्यांच्या दुसऱ्या एका सिनेमाला नेली. त्यात तुमचे यजमान वरात चुकून दुसऱ्याच मांडवात नेतात आणि पंगत उठेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही — तिथं ही बाई हसली. हसता हसता रडली, ते मध्यंतरापर्यंत. मला म्हणाली, "बुवा, तुमच्या पुराणानं माजं रडू कोंडलं हुतं, त्यानं वाट करून दिली." माझ्या तोंडावर म्हणाली. बरं, प्रसंग तरी नीट सांगावा, तर तोही नाही. म्हणे नवरदेव आधी मांडवात शिरतो. साफ चूक. आधी घोडा शिरतो, आणि लगाम धरलेला ज्ञानू घोड्यालाच विचारतो, सासरवाडी हीच ना, म्हणून. घोडा मान हलवतो, तेव्हा कुठे—

मी? छे. मी सिनेमे पाहत नाही. ऐकीव सांगतो आहे.

असं पाहू नका माझ्याकडे. — बरं. पाहिले. हणमंतानं खुर्चीची गोष्ट सांगितलेलीच दिसते. ज्ञानूच्या तेराव्या दिवशी टॉकीजवाल्यांनी दुपारच्या खेळाला आठ वर्षांपूर्वीचा तो बुवाचा सिनेमा पुन्हा लावला. मी डोक्याला टॉवेल गुंडाळून, अंधार झाल्यावर, मागच्या दारानं शिरलो. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, मधोमध एकच रिकामी. मला वाटलं, देवानंच ठेवली. बसलो. बसल्यावर मानेला ओला झेंडू लागला. त्या वेड्या पोरांनी ज्ञानूच्या नावानं एक तिकीट काढून खुर्ची मोकळी ठेवली होती, तिच्या पाठीला हार घातला होता — आणि मी, ज्याच्या तोंडून आठ वर्षांत कुणी त्याचं नाव ऐकलं नाही, नेमका तिच्यात जाऊन बसलो. उठायला गेलो तर शेजारची गोजरबाई दबक्या आवाजात म्हणाली, "बसा बुवा. त्यो काय उटा म्हनायचा न्हाय." चारशे माणसं, हसायचा सिनेमा, आणि कुणी हसेना. म्हणून तर ही पोरं मला सोडत नाहीत. त्यांना वाटतं त्या खुर्चीत मला ज्ञानूनं बसवलं.

का गेलो होतो, ते सांगण्यासारखं नाही. माझ्या तोंडून यायचंही नाही. आख्यान म्हणून सांगितलं तर येईल कदाचित — आयुष्यभर तेवढीच एक रीत जमली. ऐका तर. एक बुवा होता. कोण, कुठला, ते विचारू नका. गळा बरा, वाणी शुद्ध, कीर्ती पंचक्रोशीत. फक्त एक उणीव होती त्याच्यात. त्याला ऐन रंगात पुढचं आठवत नसे. उपरण्याच्या टोकावर काहीही लिहिलेलं नसे, बाई; तेवढ्या वेळात मागचा टाळकरी पुढचे शब्द हळूच पुटपुटायचा आणि बुवा तेच गर्जून म्हणायचा. लोक माना डोलवायचे. हा टाळकरी वैरागचा, बाविशीतला, तेलाच्या घाण्यावर कामाला होता. बुवाची सगळी आख्यानं त्याला तोंडपाठ. चार वर्षं त्यानं हे गुपित सांभाळलं. कधी अक्षर बाहेर काढलं नाही. बुवाच्या गळ्यात रोज हार पडायचा, तो टाळकऱ्याच्या पुढ्यातून जायचा.

एकदा वैरागलाच सप्ताह होता. आख्यान त्या भक्ताचं — आईबापांचे पाय चेपत बसलेला, देव दाराशी आला तरी न उठणारा, देवाला उभं राहायला वीट फेकून देणारा. वीट फेकली आणि म्हणाला— बुवा अडला. मागून शब्द आले, "थांबा देवा, हात गुंतलेत." बुवाला ऐकू गेलं नाही. टाळकऱ्यानं पुन्हा सांगितलं. तरी नाही. तिसऱ्यांदा तो बिचारा एवढ्या मोठ्यानं बोलला की शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं, आणि मांडव हसला. झालं. बुवानं काय करावं? म्हणता आलं असतं की माझी आठवण मागे उभी असते, मंडळी. ते नाही सुचलं. त्यानं गादीवरून सांगितलं, "टाळकऱ्यानं टाळ वाजवावा, तोंड नको. खाली उतर." भर कीर्तनात. त्याच्याच गावात. त्याची आई समोर बसलेली. टाळकऱ्यानं टाळ गादीवर ठेवले, नमस्कार केला, आणि उतरता उतरता सदऱ्याच्या टोकानं कपाळ पुसून ते टोक तीन मात्रा न्याहाळून पाहिलं. मांडव हसून फुटायचा राहिला. लोक म्हणतात तो कोल्हापूरला जाऊन नट झाला. तो तिथंच झाला. मी पाहत होतो.

—बुवा पाहत होता. तेच ते.

मग चौदा वर्षांनी तो सिनेमा आला. बुवा लपून पाहायला गेला. पडद्यावर ज्ञानू बुवा झालेला, मागे एक म्हातारा टाळकरी. उपरण्याचं टोक पाहायचं, मागून पुटपुट, मग गर्जना. एकदा, दोनदा, तीनदा. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. या बुवाला वाटलं, गुपित फोडलं, चव्हाट्यावर मांडलं, सूड घेतला. तो तिसऱ्या वेळी उठला आणि लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडला. त्यानंतर त्याच्यासमोर त्या सिनेमाचा विषय काढायची कुणाची छाती झाली नाही. मी रोज पहाटे देवासमोर बसतो, क्षमा हा शब्द दिवसातून शंभरदा उच्चारतो, आणि त्या माणसाचं नाव आलं की माझ्या तोंडाला कोरड— हो, मी. बुवा कसला, मीच तो. तुम्हाला पहिल्यापासून कळलेलं आहे, उगीच वळणं घेतो आहे.

गेल्या पौषात तो आला होता. इथं, याच दाराशी. मी पूजेला बसलो होतो. घरातून सांगत आले, ज्ञानू वैरागकर आलेत, एकटेच आहेत, हातात हार आहे. मी मागे न वळता म्हणालो, "थांब म्हणावं, हात गुंतलेत." शब्द तोंडातून गेले आणि मला कळलं मी कुठले शब्द बोललो. तरी वळलो नाही. सहस्रनाम संपलं, पुन्हा धरलं. पितळेच्या पांडुरंगाला तीनदा आंघोळ घातली, पौषातल्या गार पाण्यानं. समया घासल्या. आरती झाली, पुन्हा केली. त्या भक्तानं देवाला ताटकळत ठेवलं ते माणसांच्या सेवेसाठी. मी माणसाला ताटकळत ठेवलं आणि आडोसा देवाचा घेतला. पांडुरंगाचा अडसर केला दाराला. तासभर उभा होता तो. मी उठलो तेव्हा दारात कुणी नव्हतं, कडीला हार अडकवलेला होता. मी तो दुसऱ्या दिवशी निर्माल्यात टाकला.

काय म्हणालात?

दोन तास?

दोन तास कसे? तुम्हाला कुणी— समोरच्या लिंबाखाली टांगा उभा होता. घोड्याची घुंगरं ऐकू येत होती मला मधूनमधून. टांग्यात होतात तुम्ही. दोन तास बसून होतात, आणि आज पुन्हा त्याच दाराशी आलात, आणि मी तुम्हाला उंबऱ्यातूनच नाही म्हणालो.

काही म्हणाला होता का तो, परत जाताना? — नको, सांगू नका. नाही, सांगा. — "बुवांची पूजा मोडायला नको." एवढंच म्हणाला. बरं.

आता माझंही ऐका, म्हणजे वाईट ते सगळं एकदमच ऐकून होईल. तेराव्या दिवशी त्या खुर्चीत मी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. मी जिथं उठून गेलो होतो तिथून पुढं अवघी दोन मिनिटं असतील. चौथ्यांदा पडद्यावरचा बुवा अडतो. टोक पाहतो. मग टोक सोडून देतो, मागे वळतो, गळ्यातला हार काढतो आणि त्या म्हाताऱ्या टाळकऱ्याच्या गळ्यात घालतो. लोकांना सांगतो, "आजवर माझ्या तोंडून ऐकलंत ते ह्याचं होतं." तिथं कधीच कुणी हसत नाही म्हणे. सगळ्या सोलापूरला माहीत होतं, मला तेवढं माहीत नव्हतं. त्यानं मला काय करायचं राहिलं ते करून दाखवलं होतं, तेही माझाच वेष घेऊन, आणि मी आठ वर्षं अर्ध्या प्रसंगावर राग धरून बसलो होतो. मागून त्या हाराचा झेंडू मानेला टोचत होता. माझा नव्हता तो.

म्हणून नाही म्हणतो. कोणत्या तोंडानं उभा राहू? आणि उभा राहिलो तरी आता पाठांतर उरलेलं नाही, बाई. चार ओळींवर अडतो. मागे सांगणारं कुणी नाही.

झाला भोंगा. ऐकलात? आता मैदान भरेल. हणमंत येईल चौथ्यांदा.

उठू नका. थांबा — नाही, हा शब्द नको. बसा क्षणभर. त्या कोनाड्यात लाल फडक्यात काय आहे ते घ्या. त्याचे टाळ. वैरागच्या गादीवरून मीच उचलून आणले. बावीस वर्षं दर दसऱ्याला चिंचेनं घासून ठेवतो. कशासाठी, हे स्वतःला कधी विचारलं नाही. तुमच्याकडेच राहू देत. वाजवता येतात? नसतील येत तर नुसते धरा. ते आख्यान त्यानं घरी कधी म्हटलं होतं? — रोज? दाढी करताना? सगळं?

तर मग मुली, आज माझ्या मागे उभी राहशील? बाईमाणूस गादीवर, त्यात अशी — लोक बोलतील. बोलोत. तू पुटपुटायचं नाही मात्र. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं पाहिजे. हसले तर हसू देत; महिनाभर हसली नाहीत बिचारी. आणि मध्यंतरात हार माझ्याकडे आला की मी मागे वळेन, तेव्हा मान खाली घालून उभी राहू नकोस.

इथंच एकदा म्हणून पाहू, मग निघू. — देव दाराशी आला. आत लेक आईबापांचे पाय चेपत बसला आहे. देव म्हणाला, बाळा, मी आलो आहे. लेकानं मागे वळून पाहिलं नाही. हाताला लागली ती वीट उचलली, दाराबाहेर टाकली, आणि म्हणाला—

म्हणाला—

नाही, उपरण्यावर काही लिहिलेलं नाही, मुली. सांग. मोठ्यानं सांग.