तडा गेलेलं मीठ

पार्सलच्या रांगेत माझ्यापुढे बापलेक उभे होते. लेकीनं बर्फाचा डबा पोटाशी घट्ट धरला होता.

“बाबा, किती चुळबुळ! डबा हलतोय.”

“चिमूटभर मीठ, त्याचे केवढे लाड!”

“मंगळावरही असेच आटलेले खारे तलाव असतील म्हणतात. तिकडे जाता येत नाही, म्हणून आपल्या आटलेल्या तलावावर चौकोन आखून तिथे जीव तगतो का ते शोधायचं. वर्षभर पाण्याचा थेंब नाही, तरी या मिठात जिवंत जंतू सापडले. मोठ्या लॅबनं लगेच मागवलंय.”

“सगळ्या चौकोनांत सापडले?”

“नाही, फक्त सात नंबरमध्ये.”

“मग आज नको पाठवूस. घरी चल.”

“झालंय काय? सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही तुमचा.”

“सातला तडा गेला होता.”

“बरं, मग?”

“चाळीस वर्षं मिठागरात काढली मी. तडा दिसला की हात गप्प बसत नाही.”

“बाबा, काय केलंत?”

“विहिरीचं खारं पाणी शिंपडलं. वरून फळी फिरवली.”

“कितीदा?”

“रोज.”

“तुम्हाला चौकोन फक्त राखायला सांगितलं होतं. फक्त राखायला!”

“राखलंच की गं! बाकीचे तडे तसेच सोडले. सातवर तुझ्या नावाची पाटी होती.”

“चला, पुढचं कोण?” खिडकीतून आवाज आला.

मुलगी मागे वळली.

“तुम्ही व्हा पुढे,” ती मला म्हणाली.