झेंडा वरचा, डबा खालचा

उस्मानपुऱ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात सुरेखा दोन म्हाताऱ्यांच्या मधोमध अडकली होती. डावीकडं नानासाहेब, उजवीकडं मांडीवर डबा घेतलेले सांडूबा.

"ताई, ह्या सांडूला सांगा, त्याच्या युनियनच्या पक्षानं कोळशाच्या खाणी ठेकेदाराच्या घशात घातल्या."

"ताई, नानासाहेबाला विचारा, तवा त्याचा पक्ष झोपला व्हता व्हय?"

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" सुरेखानं विचारलं.

"एकाच खाणीत व्हतो. पण ह्याचा झेंडा वेगळा. वर आलो की बोलणं बंद," नानासाहेब म्हणाले.

"म्हणजे खाली बोलायचात?"

"लई!" सांडूबा म्हणाले. "एकाच डब्यात जेवायचो. अंधारात कुठला आलाय झेंडा?"

"मग आता?"

"आता रिटायर झालो. खाली जाणंच नाय, तर बोलणार कसं?"

तेवढ्यात नर्सनं येऊन दोघांच्याही डोळ्यांत औषध टाकलं. "बाबा, मी सांगेपर्यंत दोघंही डोळे मिटून बसा."

दोघांनी डोळे मिटले.

"सांडू, डब्यात काय हाय रं?"

"भाकर अन् शेंगदाण्याची चटणी. घे."

सुरेखा हळूच मधून उठली. सांडूबा सरकले, नानासाहेबही सरकले.

थोड्या वेळानं नर्स परत आली.

"बाबा, उघडा आता डोळे."

नानासाहेब डोळे मिटूनच म्हणाले, "थांब की माय, अजून जेवण व्हायचंय."