मेंढीनं खाल्लेली भाकरी

डाएटचं मला नका सांगू गं! आमच्या गावी, निमोण्याला, मला बघायला पाहुणे येणार होते. आत्या सहज म्हणाली, "पोरगी जरा जाडच हाय," आन् माझी झोप उडाली. जेवण सोडलं तर आई ओरडंल, म्हणून ताटातली भाकरी ओढणीआड लपवायची आन् परसातल्या मेंढीला घालायची.

पाहुण्यांच्या आदल्या दिवशी मेंढीचं पोट टम्म फुगलं. ती आडवी पडून कण्हायला लागली. ही मेली तर?

आजोबांनी, म्हंजी आबांनी, तिच्या तोंडाला चिकटलेला तुकडा काढला. "भाकरी कुणी घातली हिला?"

मी ओढणी घट्ट आवळून घेतली. आबांनी उठून बाजारात मेंढीची चाचपतात तशी माझी पाठ चाचपली. हाताला नुसती हाडं लागली.

"तुझी भाकरी हिच्या पोटात व्हय?"

"आबा, पाहुण्यांनी जाड म्हणून न्हाई म्हटलं तर?"

"पाठ चाचपून मेंढी घेत्यात, पोरी. सून न्हाई. जा, जेव."

त्या दिवशी मेंढीला कडक उपास घडला, आन् तिच्या वाटची भाकरीसुद्धा मीच खाल्ली.