लिलीचा गुच्छ

जनावरांच्या दवाखान्यात शिंपीणबाईंनी आपल्या कुत्र्याचं तोंड हाताने दाबून धरलं. शेजारी सासू-जावयाची जुंपली होती, आणि त्यातला एक शब्दही त्यांना गमवायचा नव्हता.

"जावईबापू, कधी नव्हे ते काही आणलंत, तेही माझ्या मनीला विष!"

"आई, लिलीची फुलं होती हो. तुमच्यासाठी."

"म्हणजे विष मला होतं?"

"तसं नव्हे! मांजराला लिली बाधते, हे मला ठाऊक असतं तर..."

"तर दोन गुच्छ आणले असतेत!"

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले.

"वेळेवर आणलंत. वाचेल. पण दोन दिवस सलाईन लागेल, जवळ कुणीतरी बसा."

"मी बसतो."

"तुम्ही? ती बोचकारते हो."

"चालेल, आई. लग्न झाल्यापासून सवय आहे."

डोळे पुसता पुसता सासूबाई फिस्सकन हसल्या.