गोदामाच्या काट्यावरचं वजन

‘तू शिकलेली ना गो? तू तिथंच व्हतीस. तरी तुला कसा कलला न्हाय?’

वनिताच्या आईने मला हे विचारलं, त्याला आठ दिवस झाले. मावशी, तुमचा तो प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. तुम्ही सगळे काल्हेरहून, खारबावहून, भिवंडीतून या शोकसभेला आलात. इथे वनिताचं कौतुक करायला मी उभं राहावं, एवढी माझी लायकी नाही. म्हणून जे झालं तेवढंच सांगते.

मी संघाबरोबर परदेशात गेले ती मॅनेजर म्हणून. कबड्डीतलं मला काय कळतं? पण आमच्या घरात मीच पहिली पदवीधर, इंग्रजी अर्ज भरता येतात, म्हणून आपल्या प्रशिक्षक सरांनी मला नेलं. एवढ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला चाललो होतो, मी हवेत होते.

मुलींचं वजन आपण कुठे करायचो? काल्हेरच्या गोदामातल्या काट्यावर. माल घेताना तो काटा कमी दाखवतो, हे इथे कोणाला माहीत नाही? आपण त्यावर हसायचो. वनिता त्यावर चढून म्हणायची, ‘ताई, काट्याला पन माजी दया येते.’ मी हसत हसत वहीत आकडा लिहायचे. तोच आकडा अर्जात भरला.

तिकडच्या काट्यावर ती मर्यादेपेक्षा दीड किलो जास्त भरली. स्पर्धेची अधिकृत वजनं दुसऱ्या दिवशी सकाळी होती. सरांनी तिला दोन स्वेटर घालून जिन्यावरून पळवलं. पाणी बंद. बाटली माझ्या पिशवीत होती.

‘ताई, एक घोट दे ना.’

‘काट्यावरून उतर, मग हवं तेवढं पी.’

हे मी म्हणाले. सर नाही, मी.

आणि ऐका. राखीव खेळाडू होती. सकाळपर्यंत नाव बदलता येत होतं. तो नियम इंग्रजीत होता आणि आमच्यात फक्त मीच वाचला होता. मी गप्प बसले. वनिता म्हणाली होती, ‘मला बाहेर बसवू नको, गावात काय तोंड दाखवू?’ मला तेव्हा तिची बाजू घेतल्यासारखं वाटलं. खरं सांगू? वहीतला आकडा चुकीचा निघाला, हे मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

वजनाची मर्यादा कशासाठी असते? सामना बरोबरीचा व्हावा म्हणून. जड मुलीखाली हलकी मुलगी चिरडली जाऊ नये म्हणून. त्या सकाळी दुसऱ्या एका संघातली मुलगीही भिंतीला धरून ओकत होती. पंचांनी पाहिलं, आम्ही पाहिलं. सगळेच करतात, म्हणून कोणी काही बोललं नाही.

वनिता वजनात बसली. पाणी प्यायली, तेही ओकली. सरांनी विचारलं, ‘खेळशील?’ ती म्हणाली, ‘खेलन.’ मी तिच्याकडे पाहत होते, मी ‘नको’ म्हटलं नाही. दुपारी दुसऱ्याच चढाईला ती मध्यरेषेवर पडली. मैदानात डॉक्टर नव्हता. गाडी येईपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ती परत बोलली नाही.

परत आल्यावर कबड्डी संघटनेला अहवाल गेला: प्रकृती अचानक बिघडली. ते वाक्य माझं. खाली सही माझी. अचानक काय होतं त्यात?

सर, तुम्ही परवा मला म्हणालात, ‘आता खरं लिहून ती परत येणार आहे का? बाकीच्या मुलींचं बघ. बोभाटा झाला तर त्यांना पुढे कोण नेईल?’ सर, याच मुलींचं बघतेय. त्यांना पुन्हा कोणी तहानलेलं मैदानात उतरवू नये.

आता वनितासाठी दोन मिनिटं उभं राहूया. उठण्याआधी शेवटचं सांगते. काल मी ठाण्याला संघटनेच्या कार्यालयात दुसरा अहवाल देऊन आले. काटा, स्वेटर, पाणी, राखीव खेळाडू, सगळं त्यात आहे. सरांचं नाव आहे. त्यांच्या आधी माझं आहे. मॅनेजरपद सोडल्याचंही त्यात लिहिलं आहे. शिक्का मारलेली प्रत मी आज सकाळी मावशींसमोर बसून मराठीत वाचली. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या, आणि म्हणाल्या, ‘ह्या सगल्यांसमोर सांग.’

मावशी, सांगितलं.