टाकी गच्च भरा

योकोहामाच्या गॅरेजात वाट बघत बसलेल्या नुपूरच्या कानावर मराठी पडलं. शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक.

“ओजस्वी, स्पोर्ट्स कार हिवाळाभर उभी राहणार. टाकी गच्च भरायला सांगितलीस?”

“बाबा, बसा ना जरा.”

“रिकाम्या टाकीला आतून गंज चढतो. बॅटरी काढली?”

“काढतील.”

“हँडब्रेक ओढू नका म्हणावं, चिकटतो. मार्चमध्ये मीच न्यायला येईन.”

“या डोळ्यांनी? डॉक्टरांनी गाडी बंद सांगितलीय.”

“त्याला काय कळतंय! टाकीचं बोल.”

“पाच लिटर आहे.”

“पाच? चार महिन्यांना?”

“घेणाऱ्याच्या घरापर्यंत पुरेल, बाबा.”

नुपूरने मान खाली घातली.

“इथे जपानात विक्रीच्या कागदावर सहीऐवजी माझा नोंदवलेला शिक्का लागतो ना? तो माझ्या खिशात आहे. ऊठ, टाकी भरायला सांग.”