आजीच्या चपला आणि शेवटची ओळ

बसची वाट बघत बाकावर बसले होते. शेजारी एक मुलगी मांडीवर व्हायोलिन घेऊन, फोनचा आवाज मोठा करून घरच्यांशी बोलत होती.

“आई, बाबांना बोलाव. आमच्या वाद्यवृंदाच्या दौऱ्यात शेवटची ओळ मी एकटी वाजवते ना, दर गावात तिथेच घाई होतेय. आज संध्याकाळच्या कार्यक्रमातही झाली, तर ती दुसरीला देणार आहेत.”

“मग त्यात बाबा काय करणार?”

“घरी सराव करताना तिथे पोचले की ते आतून ‘हळू, हळू’ ओरडायचे. तसं ओरडू देत. त्याशिवाय माझा हात आवरत नाही.”

“अगं, मी तुला कुठे ओरडायचो?”

“बाबा! मग कोणाला?”

“तुझ्या आजीला. तू शेवटाला आलीस, की ती चहासाठी उठायची. पायरीवर पडेल म्हणून ओरडायचो. व्हायोलिनमधलं मला काय कळतंय?”

“आणि मी गावोगाव सांगत फिरतेय, माझे पहिले गुरू माझे वडील!”

“सांग की. मी कुठे नाही म्हणतोय?”

“आजी कुठाय?”

“इथेच आहे गं. उठू का?”

“सासूबाई, बसा. गुडघा सुजलाय तुमचा.”

“तू गप. पोरीची ओळ जाईल. वाजव बाळा, मी चपला शोधते.”

मुलीने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि वाजवू लागली. ती शेवटाला आली, तसे फोनमधून बाबा आजीला ओरडले.

“हळू, आई, हळू!”

“मोठ्याने ओरड, तिकडे ऐकू गेलं पाहिजे.”

“हळू!”

ओळ इतकी संथ आली, की माझे हात आपोआप जोडले गेले.

“आजी, जमलं!”

“मग संध्याकाळी किती वाजता उठू, ते सांगून ठेव.”